घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स का घ्यावे, आणि कोणी घेऊ नये

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण सेलू तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहात. घरी २०१५ साली घेतलेला, चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असलेला संगणक आहे. त्यावरील विंडोज १० ची मुदत संपल्याची सूचना पडद्यावर येते. गावातील दुकानदार नवा संगणक घ्या म्हणतो आणि पुण्याला नोकरी करणारा भाचा विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी संगणक प्रणाली टाका म्हणतो. शाळेची ऑनलाइन कामे, मुलीचा अकरावीचा अभ्यास, थोडे मराठी टंकलेखन आणि प्रिंट काढणे एवढाच आपला वापर आहे. त्यावर आपण विचारता की, अशी साधी, रोजची कामे करणारी माणसे लिनक्स निवडतात ती केवळ फुकट मिळते म्हणून, की त्यात खरोखर काही आहे?

मी परभणी आणि आसपासच्या तालुक्यांत शाळा, महाविद्यालये, लहान कार्यालये आणि घरे यांचे संगणक सांभाळतो. दुरुस्ती, प्रिंटर, नेटवर्क असे सगळेच काम त्यात येते. माझ्या ग्राहकांपैकी काहींकडे विंडोज आहे, काहींकडे लिनक्स, तर काहींकडे दोन्ही. त्यामुळे कोणाला काय झेपते आणि कोण महिनाभरात परत येतो, हे मला जवळून पाहायला मिळते. लिनक्सविषयी मला आस्था आहे हे आधीच सांगतो. पण सर्वांनी ते घ्यावे असे माझे मत नाही, आणि कोणी घेऊ नये याविषयीही पुढे लिहिले आहे.

प्रथम पैशाचा मुद्दा घेतो, कारण तो आपल्या भागात बहुतेकांना वाटतो तसा लागू होत नाही. लिनक्स मिंट, उबुंटू किंवा डेबियन ही लिनक्सची वितरणे, म्हणजे वापरायला तयार रूपे, उतरवून घ्यायला काही द्यावे लागत नाही, हे खरेच आहे. परंतु तालुक्याच्या गावी सुटे भाग जोडून घेतलेल्या संगणकावर विंडोजचा परवाना विकत घेतलेला असण्याची शक्यता किती, हे आपणही जाणता. दुकानदार फॉरमॅट मारून देण्याचे तीन-चारशे रुपये घेतो आणि विंडोज व ऑफिस दोन्ही त्यातच टाकून देतो. ग्राहकाला परवान्याची किंमत कधी दिसतच नाही. म्हणजे आपल्याकडे लिनक्सची स्पर्धा हजारो रुपयांच्या विंडोजशी नसून फुकटच्या, क्रॅक केलेल्या विंडोजशी आहे, आणि तरीही माणसे लिनक्सकडे वळतात. तेव्हा केवळ किंमत हे त्याचे कारण असू शकत नाही.

या क्रॅकविषयी मात्र एक गोष्ट गांभीर्याने सांगायला हवी. परवान्याची तपासणी चुकवणारा छोटा प्रोग्रॅम चालवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करावा लागतो आणि त्या प्रोग्रॅमला संगणकाचे पूर्ण अधिकार द्यावे लागतात. तो कोणी लिहिला आणि आत आणखी काय ठेवले, हे दुकानदारालाही ठाऊक नसते. त्याच संगणकावर आपण बँकेचे व्यवहार करता आणि शाळेतील मुलांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, पालकांचे मोबाइल क्रमांक भरता. ही माहिती आपल्या विश्वासावर आपल्याकडे आलेली असते. मला भेटलेल्या काही शिक्षकांनी आणि एका पतसंस्थेच्या सचिवांनी लिनक्स निवडले ते एवढ्यासाठीच, की चोरीची प्रत नको आणि परवाना घेणे परवडत नाही. हे कारण पैशाशी निगडित असले तरी मला ते सन्मानाचे वाटते.

याहून मोठे कारण आपल्या स्वतःच्या संगणकातच दिसते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा पाठिंबा (सुरक्षेची अद्यतने, म्हणजे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचेच अधिकृतपणे चालतात. आपला प्रोसेसर चौथ्या पिढीचा असल्याने तो या यादीबाहेर राहतो. आता पाहा, आपल्या संगणकात बिघाड काय झाला आहे? काहीच नाही. मदरबोर्ड चालतो, पडदा चालतो, कालपर्यंत होत होती ती सर्व कामे आजही होतात. बदलला आहे तो दूरच्या एका कंपनीचा निर्णय. तो निर्णय वाईट हेतूने घेतला असे मी म्हणत नाही. सुरक्षेसाठी नवी चिप हवी यात तथ्य आहे, आणि वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अद्यतनांची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिलेली आहे. पण आपल्या घरातील वस्तूचे आयुष्य कधी संपले हे आपण ठरवलेले नाही, आणि ठरवणाऱ्याने आपल्याला विचारलेले नाही. जी माणसे समजून-उमजून लिनक्स घेतात, त्यांना हा अधिकार स्वतःकडे हवा असतो. माझ्या मते सर्व कारणांचे मूळ येथेच आहे.

आपल्या भागात हे सोयाबीनच्या उदाहरणाने लवकर समजते. सोयाबीन स्वपरागसिंचित पीक असल्यामुळे शेतकरी घरचे बियाणे राखून ठेवू शकतो, गोणपाटात उगवण तपासून पेरू शकतो आणि शेजाऱ्यालाही देऊ शकतो. संकरित कपाशीचे पाकीट मात्र दरवर्षी दुकानातूनच आणावे लागते. पीक दोन्हींना येते आणि अनेक शेतकरी विचारपूर्वक संकरित वाणच लावतात. फरक एवढाच, की पुढच्या हंगामात काय पेरायचे याचा निर्णय पहिल्या प्रकारात शेतकऱ्याच्या घरात होतो.

संगणकाच्या बाबतीत हा अधिकार परवान्यातून येतो. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी सर्वांना मुक्तपणे वापरता येईल अशी प्रणाली बांधण्याच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लोकांपुढे ठेवला आणि पुढच्याच वर्षी तो ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आणला. या परवान्यानुसार प्रणाली हव्या त्या कामासाठी वापरता येते, तिची आतील रचना वाचता आणि बदलता येते, तिच्या प्रती वाटता येतात आणि बदललेल्या प्रतीही वाटता येतात. अट एवढीच की पुढे देताना हेच अधिकार पुढच्यालाही द्यावे लागतात. यावर शिक्षक मंडळी मला नेहमी विचारतात, की आम्हाला कुठे प्रोग्रॅम लिहिता येतो, मग आतली रचना उघडी असण्याचा आम्हाला काय उपयोग?

उपयोग असा, की ती ज्यांना वाचता येते ती माणसे एकाच कंपनीच्या पगारावर नसतात. ओपनऑफिस या वर्ड-एक्सेलसारख्या मुक्त प्रोग्रॅमचे उदाहरण मला सर्वांत पटते. सन मायक्रोसिस्टिम्स ही त्याची पालक कंपनी २०१० मध्ये ओरॅकलने विकत घेतली आणि पुढे काय होणार याविषयी शंका निर्माण झाली. त्याच वर्षी ते लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी त्या प्रोग्रॅमचा तोच उघडा मजकूर (सोर्स कोड) घेऊन लिब्रेऑफिस या नावाने काम पुढे चालू केले, आणि आज लिनक्सच्या बहुतेक वितरणांत तेच येते. कंपनी बदलली, नाव बदलले, पण घरात बसून अर्ज लिहिणाऱ्या माणसाच्या फाइली उघडायच्या थांबल्या नाहीत. मिंट तयार करणाऱ्या मंडळींनी उद्या काम थांबवले, तरी ते ज्या उबुंटूवर उभे आहे ते राहील आणि उबुंटूच्या खाली असलेले, १९९३ पासून स्वयंसेवकांनी चालवलेले डेबियनही राहील. आपल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने बॉस लिनक्स ही भारतीय प्रणाली याच डेबियनवर उभारली आणि केरळमधील शासकीय शाळांत अनेक वर्षांपासून मुले मुक्त प्रणालीवर संगणक शिकत आहेत, तेही याच अधिकाराच्या बळावर. कोणाची परवानगी मागायला जावे लागले नाही.

येथे एक मर्यादाही नोंदवतो. लिनक्समध्येही जुनी यंत्रे कधीतरी मागे पडतात. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून जुन्या ३२-बिट इंटेल संगणकांवर ते नव्याने बसवण्याची सोय राहिली नाही. पण ती यंत्रे आपल्या संगणकापेक्षा कितीतरी जुन्या काळातील आहेत. आपला प्रोसेसर ६४-बिट आहे. लिनक्स मिंटच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत आणि ती आपल्या संगणकावर चालते.

रोजच्या वापरात हा अधिकार कसा जाणवतो, तेही सांगतो, कारण मोठ्या तत्त्वांपेक्षा लोक या लहान गोष्टींमुळे लिनक्सवर टिकून राहतात. आपल्याकडे बहुतेक घरांत इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते आणि दिवसाला दीड-दोन जीबी डेटा असतो. संगणक सुरू केल्याबरोबर पाठीमागे अद्यतन उतरू लागले, की दुपारपर्यंत डेटा संपतो आणि मुलीचा तास अर्ध्यावर तुटतो. विंडोजमध्ये हे रोखण्याची सोय आहे, पण ती शोधून चालू करावी लागते आणि बहुतेकांना ती माहीत नसते. मिंटमध्ये घड्याळाजवळ एक लहान चिन्ह दिसते; अद्यतने आली आहेत एवढे ते सांगते आणि आपण म्हणेपर्यंत काही बसवत नाही. शनिवारी शाळेच्या वायफायवर किंवा मित्राच्या घरी जाऊन ती घेणारे शिक्षक मला माहीत आहेत. विजेचेही तसेच आहे. भारनियमन असताना, इन्व्हर्टरची बॅटरी उतरत आलेली असताना संगणक बंद करायला घ्यावा आणि पडद्यावर ‘बंद करू नका, अद्यतन चालू आहे’ असे यावे, हा प्रसंग ज्याने अनुभवला आहे त्याला संगणक सांगताक्षणी बंद होण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. अद्यतने टाळत राहणे मात्र दोन्हीकडे सारखेच घातक आहे. वेळ आपण निवडायची, पण ती घ्यायचीच.

दुसरी रोजची गोष्ट पेनड्राइव्हची. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी दिलेला पेनड्राइव्ह परत आला, की सर्व फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसतात, हा आपल्याकडील नित्याचा अनुभव आहे. त्या व्हायरसचे प्रोग्रॅम विंडोजसाठी लिहिलेले असल्याने लिनक्सवर ते चालत नाहीत, आणि लपवलेली मूळ फोल्डरे तेथे सरळ दिसतात. कितीतरी जणांच्या निकालपत्रकांच्या फाइली मी अशाच परत मिळवून दिल्या आहेत. परंतु यावरून लिनक्सला व्हायरस लागतच नाही असे कोणी सांगत असेल, तर ते मानू नका. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनात कोणीतरी जाणीवपूर्वक चोरदरवाजा घुसवल्याचे उघड झाले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ प्रवेशाला अर्धा सेकंद उशीर का लागतो असा प्रश्न पडला, त्याने आत शिरून पाहिले आणि बहुतेक लोकांच्या संगणकांपर्यंत पोहोचण्याआधीच तो दरवाजा सापडला. चोर मुक्त प्रणालीतही शिरतो, हे या घटनेतून दिसले. पण कोणत्याही चिकित्सक माणसाला रचना उघडून पाहता येते म्हणून तो पकडलाही गेला. बनावट बँक-लिंक, ओटीपी मागणारे फोन आणि ब्राउझरमधील फसवी पाने यांपासून मात्र कोणतीही प्रणाली आपल्याला वाचवत नाही.

वेगाविषयी आपली अपेक्षा माफक ठेवा. मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सुरू झाल्यावर साधारण एक जीबी रॅम वापरते, म्हणजे आपल्याकडे तीन जीबी उरतात. पण ब्राउझर कोणत्याही प्रणालीवर ब्राउझरच असतो; दहा पाने आणि एक व्हिडिओ उघडला की तो उरलेली रॅम खाऊन टाकतो. म्हणून लिनक्स टाकण्याबरोबरच जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क) आणि जमल्यास आणखी ४ जीबीची डीडीआर-थ्री रॅम बसवून घ्या. या पिढीच्या रॅमच्या पट्ट्या परभणी, नांदेड, संभाजीनगरच्या बाजारात जुन्या मालात मिळतात. माझ्या अनुभवात जुन्या संगणकाला खरा वेग एसएसडी देते, आणि तोच वेग विंडोजलाही मिळतो. शिवाय सीपीयूचे खोके उघडून पंख्यातील धूळ काढा आणि प्रोसेसरवरील वाळलेली पेस्ट बदला. आपल्याकडील एप्रिल-मेच्या उन्हात पंखा कोंदलेला असेल तर प्रोसेसर तापून आपोआप मंद होतो, आणि लोक त्याचा दोष प्रणालीला देतात.

आता ज्या भागावर निर्णय खरोखर अवलंबून आहे तिकडे येतो. लिनक्स चांगले की वाईट हा प्रश्न मी ग्राहकांना विचारू देत नाही. मी त्यांना महिनाभरात संगणकावर केलेल्या सर्व कामांची यादी करायला सांगतो आणि प्रत्येक कामापुढे ते ब्राउझरमध्ये होते की एखाद्या खास प्रोग्रॅममध्ये, एवढे लिहायला लावतो.

शिक्षकाच्या यादीतील बरेच काम आता ब्राउझरमध्येच होते. यू-डायस प्लस, सरल, शालार्थ, महाडीबीटीवरील शिष्यवृत्ती अर्ज, सातबारा पाहणे, सीईटीचे अर्ज या सर्वांना फायरफॉक्स किंवा क्रोम पुरते, आणि हे दोन्ही लिनक्सवर तेच आहेत. पूर्वी काही संकेतस्थळे इंटरनेट एक्सप्लोररशिवाय उघडत नसत. तो ब्राउझरच २०२२ मध्ये निवृत्त झाल्यामुळे ती अडचण जवळपास मिटली आहे.

अडते ते एक्सेलच्या फाइलींपाशी. आपल्याकडे तंत्रस्नेही शिक्षकांनी मोठ्या कष्टाने तयार केलेल्या निकालपत्रकांच्या, आकारिक मूल्यमापनाच्या आणि आयकर हिशेबाच्या एक्सेल फाइली एका गटातून दुसऱ्या गटात फिरत असतात. साधी सूत्रे असलेल्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये नीट चालतात. ज्यांत मॅक्रो आहेत, बटण दाबले की पत्रक तयार होते, त्यांतील अनेक तेथे अर्धवट चालतात किंवा चालतच नाहीत. आपण अशा कोणत्या फाइली वापरता त्या वेगळ्या काढून आधी तपासल्याच पाहिजेत. विंडोजवर लिब्रेऑफिस विनामूल्य बसवता येते, त्यामुळे ही चाचणी प्रणाली न बदलता आजच करता येईल. वर्डच्या फाइली उघडतात, परंतु मंगल किंवा निर्मला हे फॉन्ट लिनक्समध्ये नसल्याने मजकूर ओळींत वेगळा बसतो आणि दोन पानांचा अर्ज तिसऱ्या पानावर सरकतो. पंचायत समितीला किंवा केंद्रप्रमुखांना पाठवायची पत्रे पीडीएफ करून पाठवली की हा प्रश्न येत नाही.

मराठी टंकलेखनाविषयी आपण खास विचारले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. युनिकोड मराठी, म्हणजे फॉन्ट बदलला तरी वाचता येणारी मराठी, लिनक्सवर उत्तम चालते. इनस्क्रिप्ट कळफलक प्रणालीतच असतो, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडले की झाले. उच्चारानुसार लिहिणाऱ्यांसाठी आणि रेमिंग्टनची सवय असणाऱ्यांसाठी आयबस या साधनात कळफलक मिळतात. फॉन्टही नोटो, लोहित, मुक्ता असे चांगले आहेत, आणि आयआयटी मुंबईचा शोभिका तर पुस्तकी मजकुरासाठी मला फार आवडतो. अडचण जुन्या फाइलींची आहे. सुरेख, श्री-लिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर युनिकोड नसतो. तो फॉन्ट आपल्याकडे रीतसर असेल तर त्याची फाइल लिनक्समध्ये बसवून मजकूर वाचता आणि छापता येतो. मात्र त्यात नव्याने टंकलेखन करण्याचा खास प्रोग्रॅम विंडोजसाठीच असतो. अशा फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर जोडाक्षरे व रफार डोळ्यांनी तपासा, कारण तेथे हमखास चुका राहतात. हे काम आपण विंडोजवर राहिलात तरी करण्यासारखेच आहे.

प्रिंटर ही खरी परीक्षा असते. एचपीच्या बहुतेक प्रिंटरना लिनक्समध्ये चांगला आधार आहे आणि ब्रदर, एप्सन यांच्या अनेक मॉडेलांसाठी चालक (ड्रायव्हर) मिळतात. पण आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या काही जुन्या लेझर मॉडेलांना लिनक्सवर चालवणे इतके किचकट आहे, की ग्राहकाकडे तसा प्रिंटर असेल तर मी आधीच सावध करतो. आपल्या प्रिंटरचे मॉडेल आपण लिहिलेले नाही, त्यामुळे याबाबत मी काही ठरवून सांगू शकत नाही. तो पुढे सांगितलेल्या चाचणीत जोडून पाहा.

काही लोकांना मी लिनक्स घेऊ नका असे स्पष्ट सांगतो. टॅलीवर रोज हिशेब ठेवणारा व्यापारी किंवा कर सल्लागार, डिजिटल सहीचे टोकन वापरून निविदा भरणारा कंत्राटदार, अंगठ्याचे यंत्र जोडून काम करणारे सेवा केंद्र आणि टंकलेखन परीक्षेचे वर्ग चालवणारी संस्था ही त्यांतली मुख्य नावे. यांची साधने विंडोज गृहीत धरून बनलेली असतात. काही गोष्टी खटपट करून लिनक्सवर चालवता येतात, पण ग्राहक समोर उभा असताना खटपट करायला वेळ नसतो. जर्मनीतील म्युनिक महानगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, हजारो संगणक बदलले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. त्यामागे राजकारणही होते, पण कामाची साधने आणि प्रणाली यांचा मेळ बसला नाही तर चांगला हेतूही पुरत नाही, हे तेथेही दिसले आणि मला येथेही दिसते.

मुलीविषयी आपल्याला वाटणारी काळजी रास्त आहे. एमएस-सीआयटीसारखा अभ्यासक्रम विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर शिकवला जातो आणि उद्या कार्यालयातही तिला बहुधा तेच दिसेल. पण घरी लिनक्स वापरणारी मुले विंडोजवर अडखळतात असे मला आढळलेले नाही. एका ऐवजी दोन प्रकारचे मेनू पाहिल्याने ती नव्या गोष्टीला घाबरत नाहीत. व्हिडिओ व्याख्याने, सराव परीक्षा आणि पीडीएफ या तिच्या गरजा लिनक्सवर भागतात. मात्र तिच्या शिकवणी वर्गाचे व्हिडिओ कुलूपबंद प्रोग्रॅममधूनच दिसत असतील, तर तो प्रोग्रॅम कोणत्या प्रणालीवर चालतो हे वर्गाला विचारून घ्या. लातूर-नांदेडच्या काही वर्गांचे असे प्रोग्रॅम फक्त विंडोज आणि अँड्रॉइडवर चालताना मी पाहिले आहेत. मोबाइलवर भागत असेल तर हरकत नाही.

आता आपण नेमके काय करावे, ते सांगतो. ८ जीबीचा एक रिकामा पेनड्राइव्ह घ्या. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चांगल्या वायफायवर उतरवून घ्या, कारण ती सुमारे ३ जीबीची आहे, आणि रूफस या प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर चढवा. संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू केला की हार्ड डिस्कला हात न लावता लिनक्स चालते. चालण्यात ते मंद वाटेल, कारण ते पेनड्राइव्हवरून चालत असते. त्यावरून वेगाचे मत बनवू नका. एवढेच पाहा, की वायफाय जोडले जाते का, आवाज येतो का, प्रिंटर पान काढतो का, यू-डायसमध्ये प्रवेश होतो का आणि मराठी टंकता येते का. यातले काही अडले तर पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करा, आपले विंडोज जसेच्या तसे मिळेल.

सर्व जमले, तर एकाच डिस्कवर दोन्ही प्रणाली बसवण्याच्या फंदात पडू नका. गावाकडे तसे करून देणारे आहेत, पण विभाग पाडताना जुन्या फाइली गेल्याच्या तक्रारी माझ्याकडे वरचेवर येतात. आपण तशीही एसएसडी घेणारच आहात. दुकानदाराकडून जुनी हार्ड डिस्क सोडवून घ्या, तिच्यातील फोटो आणि शाळेच्या फाइलींची एक प्रत दुसरीकडे ठेवा, डिस्कवर तारीख लिहून ती कपाटात ठेवा आणि नव्या एसएसडीवर केवळ मिंट बसवा. बसवल्यावर पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट हे साधन चालू करा, म्हणजे एखादे अद्यतन बिघडले तर आदल्या स्थितीला परत जाता येते. टाइमशिफ्ट प्रणाली सांभाळते, आपल्या फाइली सांभाळत नाही. त्यांची प्रत वेगळी ठेवावीच लागते.

मॅक्रो असलेली निकालपत्रके चालत नाहीत असे आढळले आणि ती वर्षातून दोनदाच लागत असतील, तर तेवढ्यापुरती जुनी डिस्क जोडून इंटरनेट बंद ठेवून काम उरकता येईल. ती दर आठवड्याला लागत असतील, तर आपल्यासाठी सध्या लिनक्स योग्य नाही. विंडोज १० ची वाढीव अद्यतने नोंदवून घ्या आणि तोवर त्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये नव्याने बांधून देणारा एखादा सहकारी मिळतो का ते पाहा. विंडोज ११ अटी चुकवून टाकून देतो असे दुकानदार म्हणाला, तर ते करून घेऊ नका. अशा संगणकाला पुढे अद्यतने मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. प्रिंटरचे मॉडेल, वायफाय कार्डचे नाव आणि न चाललेल्या फाइली कोणत्या, एवढे कळवलेत तर पुढचे मी नेमके सांगू शकेन.